ईशान्येची खोली

मी स्वतः उभं राहून घर बांधलं, याचा मला इतका अभिमान होता की नंतरच्या वर्षी कॉलनीत कुणी वाळूची गाडी उतरवली तरी मी चपला घालून तिथे हजर व्हायचो. सल्ला द्यायला. कुणी मागितलेला नसायचा, पण नांदगावच्या हायस्कुलात एकतीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला समोर दिसेल तो विद्यार्थीच वाटतो. वाळू मुठीत दाबून बघा, तळव्याला माती राहिली तर गाडी परत पाठवा. वीट विटेवर वाजवून घ्या. स्लॅबवर एकवीस दिवस पाणी ठेवा. मिस्त्री सात म्हणेल, ऐकू नका. लाइटचे पॉइंट ठरवताना बायकोला विचारा, नाहीतर आमच्यासारखा मिक्सर हॉलमध्ये फिरवत बसाल. आणि सगळ्यात शेवटी, आवाज खाली आणून, माझा मुख्य सल्ला. कुणावर म्हणून विश्वास ठेवायचा नाही. या कामात जो येतो तो तुम्हाला लुबाडायलाच येतो.

हा शेवटचा सल्ला मी स्वतः तंतोतंत पाळला होता. त्याचं काय झालं, तेच सांगतो.

निवृत्त झाल्यावर आम्ही नाशिकला पेठ रोडच्या बाजूला प्लॉट घेतला. सुवर्णाने, माझ्या बायकोने, लग्नापासूनची सगळी वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली होती. भिंतीत खिळा ठोकायचा तरी घरमालकाला विचारायचं. तिचं मागणं एकच होतं, पूर्वेला खिडकी असलेली एक खोली. सकाळच्या उन्हात बसून भाजी निवडता यावी, दुपारी पडता यावं, मुलगी योगिनी पुण्याहून आली की नातवाला तिथे निजवता यावं. माझा फंड, ग्रॅच्युइटी आणि तिच्या पाटल्या, सगळं त्या घरात गेलं. हे घर चुकलं असतं तर दुसरं बांधायला आमच्याजवळ ना पैसा उरला होता ना वय. हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणून मी डोळ्यात तेल घालून पहारा करत होतो.

पहारा मात्र चुकीच्या दाराशी.

त्या जागी पूर्वी द्राक्षांचा मळा होता. मी सातबारा काढून तीनदा वाचला. नावं बघितली, बोजा बघितला, क्षेत्र जुळवलं. जुन्या उताऱ्यावर पिकांच्या बाजूला पाण्याचं साधन लिहिलेलं असतं, तिकडे ढुंकूनही बघितलं नाही. द्राक्षं होती म्हणजे पाणी होतं. मग ते पाणी कुठून येत होतं, असं सातवीतल्या पोरानेही विचारलं असतं. मी एकतीस वर्षं फळ्यावर भूजलाची आकृती काढली आणि मला ते सुचलं नाही. माझ्यासारख्या मास्तरला छडी मारायला हवी.

बांधकाम सहादू मिस्त्रीला दिलं. पेठकडचा माणूस, पन्नाशीचा, गरजेपुरतं बोलणारा. त्याच्या न बोलण्याचाही मला संशय यायचा. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या मी रोज संध्याकाळी मोजून ठेवायचो आणि तो बिचारा बिडी ओढत माझ्याकडे बघत बसायचा.

कॉलमसाठी नऊ खड्डे घेतले. आठ खड्ड्यांना पाच-सहा फुटांवर कडक मुरूम लागला. नववा ईशान्य कोपऱ्यातला. त्यातून विटांचे तुकडे निघाले, फुटकी कौलं, खताच्या गोण्या, ठिबकच्या कुजक्या नळ्या, आणि सहा फुटांनंतरही तेच निघत राहिलं. सहादूने पहार खाली टाकली आणि मला बोलावलं.

"सर, हा भराव हाये. खाली काय तरी बुजवेल हाये. अजून खाली जाऊन बघू."

"अजून किती?"

"ते खाली गेल्यावरच कळंल."

असली उत्तरं मला पाठ होती. खोदाईचा दर फुटावर ठरलेला. आठ खड्ड्यांत सापडलेला मुरूम नवव्यातूनच कसा पळून गेला, असं मी त्याला सगळ्या मजुरांसमोर विचारलं. मग इंजिनिअरला फोन लावला. हा गृहस्थ नकाशावर सही करण्यापुरता भेटला होता, प्लॉटवर कधी आला नव्हता. तो म्हणाला, खाली दगडांचा थर टाका, काही होत नाही. मला हेच उत्तर हवं होतं. सहादूने दोन दिवस काम बंद ठेवलं, मी दुसरा मिस्त्री आणायची धमकी दिली, तेव्हा तो म्हणाला, "घर तुमचं हाये," आणि खड्ड्यात उतरला. त्या कॉलमला त्याने न विचारता लोखंडाचे चार गज जास्त टाकले. मी त्यावरूनही भांडलो.

वास्तुशास्त्रवाल्यालाही बोलावलं होतं, हे सांगायला लाज वाटते, कारण शाळेत दरवर्षी अंधश्रद्धेवर भाषण मीच द्यायचो. सुवर्णाच्या समाधानासाठी बोलावलाय, असं मी सांगायचो. ते खोटं होतं, बोलावला मीच होता. त्याने होकायंत्र फिरवलं आणि म्हणाला, ईशान्येला पाण्याचं स्थान असावं, फार शुभ असतं. ते होतंच तिथे.

खड्डा बुजायच्या आधीची अमावास्या. दुसऱ्या दिवशी सकाळी गेलो तर मजूर लांब उभे. ईशान्येच्या खड्ड्याच्या काठावर सात पानं मांडलेली, त्यांवर दहीभात, हळदकुंकू, शेजारी हिरव्या बांगड्या. बायका म्हणाल्या, करणी केली कुणीतरी. मला करणीची भीती नव्हती, मला माणसांची चीड होती. मळा विकणाऱ्यांपैकी कुणीतरी घाबरवतंय, प्लॉट स्वस्तात परत घ्यायचा डाव आहे, असं मी ठरवून टाकलं. पानं उचलून फेकली आणि पुढच्या अमावास्येची वाट बघत राहिलो. तोवर पाया भरून झाला होता, कॉलम वर आले होते.

त्या दिवशी सकाळपासून खुर्ची टाकून बसलो. अकराच्या सुमाराला एक म्हातारी आली. नऊवारी लुगडं, पदराखाली झाकलेलं ताट. तिचं नाव सुलाबाई, हे मला फार नंतर कळलं. मळ्याच्या मूळ मालकाची विधवा सून. जमीन तिच्या पुतण्यांनी विकली होती, आणि तिला मागच्या गल्लीत एक पत्र्याची खोली मिळाली होती. मला बघून ती दचकली नाही. सरळ कोपऱ्यात जाऊन बसली.

"हितं बाया राहत्यात, बाबा," ती म्हणाली. "सातजणी. पाया घालायच्या आधी इचारायचं तरी."

"कुणाला विचारायचं? खरेदीखत माझ्या नावावर आहे."

"तसं नाय. ह्याच्या खाली काय हाय ते..."

मी तिला पुढे बोलू दिलं नाही. जादूटोण्याच्या कायद्याचं कलम काढलं, पोलिसांचं नाव काढलं, तिच्या पुतण्यांचा उद्धार केला. तिच्या हातातलं ताट घेऊन रस्त्यापलीकडे भिरकावलं. बांगड्या फुटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ती उठली, पलीकडे गेली, ताट उचललं, पदराने पुसलं आणि निघून गेली. सहादू परांचीवर उभा होता. त्याने मान वळवली. त्या दिवशी मला स्वतःचा फार अभिमान वाटला. संध्याकाळी जेवताना सुवर्णाला सगळं रंगवून सांगितलं. ती म्हणाली, म्हातारी काय म्हणत होती ते ऐकून तरी घ्यायचं. मी म्हणालो, तुला जगाची ओळख नाही.

घर झालं. वास्तुशांतीला दीडशे पान उठलं. ईशान्येची खोली सुवर्णाची झाली. एक वर्षभर ती रोज सकाळी त्या खिडकीत बसली, तिच्या मांडीवर मेथीची जुडी आणि पाठीवर ऊन. मी दारातून बघायचो आणि मनात म्हणायचो, गोरक्ष, जन्माला येऊन एक काम तरी धड केलंस. तेवढं एक वर्ष मिळालं, नाही असं नाही.

दुसऱ्या पावसाळ्यात त्या खोलीच्या दाराशेजारी, जमिनीलगत, केसाएवढी रेघ उमटली. प्लॅस्टरची असेल म्हणून सोडून दिली. मग ती वर चढायला लागली. भेग वाढते की नाही हे बघायचं असेल तर तिच्या टोकाशी पेन्सिलीने आडवी खूण करून तारीख घालावी. हा सल्ला मी इतरांना देत आलो होतो, आता स्वतः पाळायला लागलो. १२/७. ३/८. २८/८. वर्ष घालायची मला सवय नाही. खुणा एकावर एक चढत गुडघ्यापर्यंत आल्या, मग कमरेपर्यंत. दार घासायला लागलं. फरशीवर चालताना पोकळ आवाज यायला लागला. दिवाळीत योगिनी आली, तिने ती भिंत बघितली आणि मुलाला त्या खोलीत झोपू दिलं नाही. पुढच्या सुट्टीत ती आलीच नाही.

दुसरा इंजिनिअर आणला, एक तरुण पोरगा. त्याने भिंतीबाहेर खोल खड्डा घ्यायला लावला. अकरा फुटांवर घडीव दगडांची गोल कड लागली. पोरगा खाली उतरला, हात लावून बघितलं आणि वर येऊन हात झटकत म्हणाला, "सर, ही विहीर आहे. कचऱ्याने बुजवलेली. तुमची अर्धी खोली मुरमावर आहे आणि अर्धी विहिरीवर."

पुढचं त्याने फार शांतपणे सांगितलं. प्रत्येक पावसात भराव खाली बसणार. एखाद्या दिवशी हा कोपरा सुटणार. तो दिवस दहा वर्षांनी येईल किंवा येत्या श्रावणात. दुरुस्ती म्हणजे ती बाजू पाडून खालून पुन्हा काम काढायचं, आणि त्याला जो खर्च येणार होता तेवढा आम्ही दोघं विकले गेलो असतो तरी निघाला नसता. तोवर या खोलीत कुणी झोपू नका, असं तो जाताना सुवर्णाला वेगळं सांगून गेला. सुवर्णाने तिची खुर्ची उचलून स्वयंपाकघरात नेली.

मी आणि ती सुलाबाईकडे गेलो. पत्र्याच्या खोलीत तिने आम्हाला पाणी दिलं. विहीर तिच्या सासऱ्याने खोदलेली. काठावर सात आसरांचं ठाणं, पाण्यातल्या बायांचं. ती नवी सून म्हणून आली तेव्हापासून दर अवसेला नैवेद्य तीच ठेवायची. विहीर असलेला प्लॉट कुणी घेत नाही, म्हणून पुतण्यांनी दोन दिवसांत ट्रॅक्टरने ती बुजवली आणि वरून काळी माती पसरली. माणसांनी बुजवली म्हणून बाया काही उठून जात नाहीत, म्हणून तिने यायचं सोडलं नाही.

"मग मला सांगितलं का नाही?" मी विचारलं. माझा आवाज तेव्हाही चढलेलाच होता.

"सांगाया तर आले होते, मास्तर. तुम्ही बोलू कुठं दिलं?"

मला रडू आलं. बायकोसमोर आणि परक्या बाईसमोर मी रडलो. तिची माफी मागितली आणि म्हणालो, यापुढे दर अमावास्येला घरी या, फाटक उघडं असेल. ती यायला लागली. सुवर्णा तिला खुर्ची द्यायची, चहा द्यायची, दोघी मिळून खोलीच्या बाहेरच्या भिंतीशी सात पानं मांडायच्या. मी आत बसून पेपर वाचायचो. माझा विश्वास नव्हताच, पण त्या दिवशी जरा हलकं वाटायचं.

पैसे परत मिळायचा प्रश्नच नव्हता. पुतण्यांकडून मळा घेऊन त्याचे प्लॉट पाडून विकणाऱ्याची कंपनी बंद झाली होती, पुतणे एकमेकांकडे बोट दाखवत होते, वकील म्हणाला पंधरा वर्षं धरून चला. घर विकायचं ठरलं. पहिलं गिऱ्हाईक आलं त्याला मी सगळं खरं सांगितलं. देवाशपथ सांगितलं, विहिरीचा दगडसुद्धा दाखवला. तो हसला आणि म्हणाला, सर, मग तुम्हीच राहा की. त्यानंतर आठ महिने कुणी फिरकलं नाही. सुवर्णा म्हणायची, सांगूनच विकू, मिळेल तेवढ्यात विकू. मी म्हणायचो, मला कुणी सांगितलं होतं का? ती उठून स्वयंपाकघरात जायची.

मी भेग भरून घेतली. जाळी मारली, पुट्टी लावली, वर जाड पोताचा रंग दिला, फरशी काढून नवी बसवली, दार रंधून घेतलं, बाहेरचा खड्डा बुजवून वर तुळस लावली. सगळं स्वतः उभं राहून. इतकं नीट काम माझ्या हातून कधी झालं नव्हतं.

महेश आणि पूजा रविवारी आले. तो अंबडला कंपनीत, ती एका दवाखान्यात नर्स. मूळची सटाण्याची माणसं. वडिलांनी तिकडचा एक तुकडा विकून घरासाठी पैसे दिले होते. बरोबर पाच वर्षांची सृष्टी. मुलगी थेट ईशान्येच्या खोलीत पळाली आणि खिडकीत चढून बसली. पूजा म्हणाली, ही हिची खोली करू. सकाळी ऊन काय छान येत असेल नाही?

"फार छान," मी म्हणालो. सुवर्णा चहा करायला गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही.

महेश भला मुलगा. म्हणाला, सर, तुम्ही स्वतः बांधलंय, आम्हाला काही सल्ला द्या. मी दिला. पावसाच्या आधी गच्चीचे पाइप साफ करा. टाकी सहा महिन्यांनी धुवा. मीटरवर लोड वाढवून घ्या. तो मोबाइलमध्ये लिहून घेत होता, आणि मी एखाद्या चांगल्या मास्तरसारखा सावकाश बोलत होतो.

तेवढ्यात फाटक वाजलं. कॅलेंडर बघायचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. सुवर्णाच्या आलं असणार, पण ती काही बोलली नव्हती. मी लगबगीने बाहेर गेलो.

"आज अवस हाय," सुलाबाई म्हणाली. "बाई कुठं हायेत?"

मी हळूच म्हणालो, आज नको, पाहुणे आहेत. ती म्हणाली, मी भिंतीशी ठेवून लगेच जाते. पूजा सृष्टीला घेऊन दारापर्यंत आली होती, मागून महेश. त्याने विचारलं कोण आहेत. मी मोठ्याने म्हणालो, "कुणी नाही. मागायला येते. डोकं ठिकाणावर नाही तिचं." आणि तिच्याकडे वळून, "चल, निघ इथून."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. दारातल्या मुलीकडे बघितलं. मग अगदी हळू, फक्त मलाच ऐकू येईल असं म्हणाली, "आता तर तुम्हाला ठाऊक हाय, मास्तर."

मी कडी लावली. ताट या वेळी तिच्याच हातात राहिलं. ती वळली, भिंतीच्या कडेकडेने चालत गेली, आणि कोपऱ्यापाशी जराशी थांबून पुढे गेली.

आत आलो तर सृष्टी खोलीच्या दारामागे बसली होती. रंगाऱ्याने दार न काढताच मागचा पट्टा रंगवला होता. ब्रश न पोचलेल्या फटीत वरच्या चार खुणा तारखांसकट राहिल्या होत्या. ती बोटाने एकेक मोजत होती. "इथं नंबर लिहिलेत," ती म्हणाली.

महेशने वाकून बघितलं. "कसल्या तारखा, सर?"

सुवर्णा चहाचा ट्रे घेऊन दारात आली होती. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "नातवाची उंची. दर सुट्टीत मोजायचो."

पूजाला ते फार आवडलं. ती म्हणाली, आमच्याकडेही गावाच्या घरात असंच होतं. तिने सृष्टीला भिंतीला टेकवून उभं केलं, टाचा चिकटवायला सांगितल्या, हनुवटी सरळ केली. सुवर्णाने ट्रे खाली ठेवला आणि ती आत गेली. महेशने माझ्याकडे हात पुढे केला. माझ्या खिशात पेन्सिल असतेच. मी दिली.

त्याने मुलीच्या डोक्यावर पेन्सिल आडवी धरून रेघ मारली आणि मला तारीख विचारली. मी सांगितली.